बाटलीवरची सोनेरी बाई

गेल्या चातुर्मासातली गोष्ट. आमच्या महिला मंडळाचा स्वाध्याय संपला होता, चहा यायचा होता, आणि तेवढ्यात एका भगिनीने पिशवीतून बाटली काढली. शॅम्पूची. बाटलीवर एक गोरी बाई, केस पिकलेल्या भातासारखे पिवळे. "हा लावला की केस उजळतात हं. हळूहळू. डाय नाही, काही नाही, अगदी नैसर्गिक." किंमत सहाशे चाळीस रुपये. बाटली हातोहात फिरली, प्रत्येकीने झाकण उघडून वास घेतला. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून दहा मिनिटं घासाघीस करणाऱ्या आम्ही बायका, त्यातल्या पाच जणींनी तिथल्या तिथे पैसे काढले. सहावी मी.

म्हणून हा लेख रागाने लिहिते आहे आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकते.

मला ती बाटली माझ्यासाठी नको होती. माझे केस पंचेचाळिशीतच पांढरे व्हायला लागले आणि तेव्हापासून मी महिन्याला एकदा काळा डाय लावते. लपवत नाही. बाटली घेतली भाचीसाठी. माझी नणंद पेडण्याला दिलेली, तिची ही धाकटी. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा पुण्याचा, नोकरी चांगली. मुलाच्या बहिणीने फोनवर सहज म्हटलं होतं की केसांना थोडा ब्राऊन-गोल्डन टच दिला तर फोटोत छान येईल. सहजच म्हटलेलं. पण मुलीकडच्यांच्या कानात अशी सहज वाक्यं कशी जाऊन बसतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता या मुलीच्या केसांची मागची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती जन्मली तीच पिंगट केसांची. अगदी सोनेरी नव्हे, पण उन्हात उभी राहिली की कडा तांब्यासारख्या दिसायच्या. आमच्या माहेरी, निपाणीकडे, आणि इथे डिचोलीतही, पिंगट केस म्हणजे काहीतरी कमी असंच धरायचे. 'पोरीला नीट तेल लागत नाही वाटतं', 'उन्हात फार हुंदडते', 'अंगात रक्त कमी असेल'. त्यात थोडं तथ्यही आहे बरं का. पोटात प्रथिनं कमी पडली की लहान मुलांचे केस फिके, तांबूस होतात, हे डॉक्टर सांगतात. पण ही चांगली खाऊनपिऊन असलेली पोर. तिचे केस तसेच होते, इतकंच. तरी नणंदेने बिचारीने काय काय केलं! माका, जास्वंद, कढीपत्ता घालून कढवलेलं खोबरेल रोज रात्री डोक्यावर. उशी तेलकट, फ्रॉकची कॉलर तेलकट, शाळेत पोरं 'तेलीण' म्हणायची. आणि घरी आम्ही 'पिंगी'. हे नाव ठेवलं मीच. ती चौदा वर्षांची असताना कुठल्याशा समारंभासाठी तिला काळ्या मेहंदीचं पाकीटही मीच आणून दिलं. मामीचं प्रेम!

म्हणजे पहिली चौदा-पंधरा वर्षं आम्ही त्या मुलीला सांगितलं की तुझे केस फार उजळ आहेत. आणि तेवीस वर्षांची झाल्यावर सांगितलं की ते पुरेसे उजळ नाहीत. दोन्ही वेळा बाटली घेऊन हजर कोण? मीच.

पेडणे तालुका आता पूर्वीचा राहिलेला नाही. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल इथे परदेशी पाहुणे हंगामभर असतात. मोरजीला तर लोक गंमतीने 'छोटा रशिया' म्हणतात. २०२३ च्या जानेवारीपासून मोप्याचा विमानतळ सुरू झाला. आपल्या मुली हॉटेलात, दुकानात, विमानतळावर नोकऱ्या करू लागल्या, चांगलंच झालं. पण रोज समोर सोनेरी केसांची गिऱ्हाइकं आणि भिंतीवर सोनेरी केसांच्या जाहिराती, याचा परिणाम होणारच. भाची एका दुकानात काम करत होती. तिने बाटली हातात घेतली तेव्हा विचारलं, "मामी, याने खरंच होतं?" मी म्हटलं, "होतं म्हणतात. मंडळातली बाई कशाला खोटं सांगेल?"

दोन महिने तिने नेमाने लावला. काही झालं नाही. बाटली अर्ध्यावर आली आणि लग्न पंधरा दिवसांवर. मग ती एका पार्लरमध्ये गेली. तिथे ब्लीच केलं, एकदा केल्यावर केस नारिंगी झाले म्हणून लगेच दुसऱ्यांदा केलं. दुसऱ्या वेळी डोक्याला आग आग होतेय म्हणाली तर 'थोडं सहन करावं लागतं' असं उत्तर मिळालं. रात्री कानामागे आणि टाळूवर फोड. सकाळी उशीवर केसांचे तुकडे. गळलेले नव्हे, तुटलेले, झाडूच्या काड्यांसारखे. डॉक्टर, मलम, गोळ्या. लग्नात गंगावन लावलं, वरून भरगच्च गजरे, त्यावर पदर. फोटोत काही कळत नाही. सासरच्या कुणालाही कळलं नाही, आणि नणंदेला त्याचंच समाधान. मुलगी मला एवढंच म्हणाली, "मामी, तू दिलीस म्हणून वाटलं होणारच. नाही झालं तर वाटलं माझेच केस वाईट आहेत."

हे वाक्य मला झोपू देईना. शॅम्पूने केस जाळले नाहीत, हे मला कळतं. शॅम्पूने काहीच केलं नाही. पण न होणारी गोष्ट 'होते' म्हणून विकली, आणि झाली नाही तेव्हा मुलीने दोष बाटलीला दिला नाही, स्वतःला दिला. तिथून ती पुढच्या, जास्त जहाल औषधाकडे गेली. असल्या बाटल्यांचा खरा अपाय हाच आहे आणि तो कुठल्याच लेबलावर छापत नाहीत.

मग मी ठरवलं, आपण कला शाखेच्या पदवीधर असलो तरी डोकं चालवायला हरकत नाही. फणीतला माझा गुंतवळ साठवला. पूर्वी आमच्याकडे गुंतवळ घेऊन भांडी देणाऱ्या बायका यायच्या, तेव्हापासून साठवायची सवय आहेच. नणंदेकडूनही तिच्या लेकीच्या तुटलेल्या, ब्लीच न लागलेल्या केसांचे झुबके मागवले. नणंदेचे काळे, माझ्या जाऊबाईंचे पांढरे, भाचीचे पिंगट. प्रत्येकाच्या दोन जुड्या दोऱ्याने बांधल्या. एक जुडी साध्या, दहा रुपयांच्या पुडीतल्या शॅम्पूने, दुसरी या सहाशे चाळीसवाल्या बाटलीने. रोज, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे तीन मिनिटं ठेवून. तीस दिवस. घरात सगळे हसले. आमचे हे म्हणाले, दुकानात पाटी लावू का, 'येथे केस धुऊन मिळतील'?

काळ्या केसांत काडीचा फरक नाही. दोन्ही जुड्या शेजारी ठेवल्या तर कोणती कोणाची हे मलाच ओळखता येईना. पिंगट जुड्यांत महागड्या शॅम्पूची किंचित फिकी वाटली, पण खिडकीशी नेली की वाटायची आणि ट्यूबलाइटखाली नाही. पांढऱ्या केसांत मात्र फरक होता. जाऊबाईंच्या केसांवर वर्षानुवर्षांच्या तेलाचा आणि विहिरीच्या पाण्याचा जो पिवळट थर होता तो गेला. पण तो पुडीतल्या शॅम्पूनेही बराचसा गेला.

एवढ्यावरून मी काही शास्त्रज्ञ झाले नाही. म्हणून घरातल्या एका रसायनशास्त्र शिकलेल्या पोराला बसवून घेतलं आणि सगळं विचारलं. त्याने सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

केस हा मेलेला धागा. त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक खवले असतात, एकावर एक, आपल्या घरांवरच्या मंगळुरी कौलांसारखे. केसाचा रंग कौलांत नसतो, तो आत, घरात असतो. काळपट रंगद्रव्य आणि तांबूस-पिवळं रंगद्रव्य, दोन्ही मेलॅनिनचेच प्रकार. कुणाच्या केसात कुठलं किती, त्यावर केस काळा, पिंगट की सोनेरी ते ठरतं. शॅम्पूचं काम कौलं धुण्याचं. पावसाने कौलं कितीही स्वच्छ धुतली म्हणून आतल्या भिंतीचा रंग बदलतो का? आतला रंग काढायचा तर कौलं उचकटून आत शिरावं लागतं. ते काम पार्लरमधलं ब्लीच करतं. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, सहा टक्के, नऊ टक्के, बारा टक्के, आणि सोबत अमोनियासारखं क्षारयुक्त काहीतरी, जे खवले उघडतं. हे मिश्रण डोक्यावर अर्धा अर्धा तास ठेवतात. काळपट रंग आधी तुटतो, तांबूस मागे चिवटपणे राहतो. म्हणून आपले केस ब्लीच केले की आधी विटकरी होतात, मग नारिंगी, मग पिवळे. पार्लरच्या कोर्सात याच्या एक ते दहा अशा पायऱ्या शिकवतात. एक म्हणजे काळाभोर, दहा म्हणजे अगदी फिका पिवळा. आपण बहुतेकजणी एक ते तीनमध्ये. बाटलीवरची बाई नऊवर. तीन मिनिटं लावून पाण्याने धुऊन टाकायच्या फेसाने सहा पायऱ्या चढणार?

कुणी म्हणेल, ही बाटली आपल्यासाठी नव्हतीच, ती सोनेरी केसांच्या बायकांसाठी. त्यांना तरी उपयोग होत असेल. मलाही तेच वाटलं होतं. आमच्या यांच्या एका मित्राच्या मोरजीच्या घरात एक रशियन बाई हंगामभर भाड्याने राहते, माझ्याच वयाची. तिला जाऊन विचारलं. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही फारसं धड नाही, त्यामुळे छान जमलं. ती खूप हसली. म्हणाली, लहानपणी माझे केस जवसाच्या सुतासारखे पांढरे होते, वयात आल्यावर गडद झाले, तिशीत तर चिखलाच्या रंगाचे. तेव्हापासून ती अशा बाटल्या आणते आहे. शॅम्पूने काही होत नाही. एक फवारा मिळतो, त्यात पेरॉक्साइड असतं, तो लावून केस गरम करायचे आणि धुवायचे नाहीत. त्याने उजळतात, पण केस गवतासारखे होतात. सगळ्यात जास्त उजळतात ते मोरजीच्या उन्हाने. मग ते पिवळे दिसतात म्हणून ती जांभळा शॅम्पू लावते.

जांभळा शॅम्पू म्हणजे काय ते तिने दाखवलं आणि मला हसू आवरेना. अहो, ती नीळ आहे! आपण पांढरी धोतरं, साड्या पिवळ्या पडल्या की नीळ घालतो ना, तेच तत्त्व. पिवळ्यावर जांभळं चढलं की डोळ्याला पांढरं दिसतं. रंग काढलेला नाही, वर रंग चढवलाय. आपल्या सासवांना हे ठाऊक होतं, फक्त त्यांनी ते सहाशे रुपयांना विकलं नाही.

म्हणजे सोनेरी केसांवरही जे काही होतं ते इतपतच. त्यांच्यात रंगद्रव्य मुळातच कमी, म्हणून थोडासा बदलही डोळ्याला दिसतो. मळ गेला तरी उजळ, ऊन लागलं तरी उजळ. कॅमोमाइलच्या फुलाचा काढा, लिंबू, असं काहीबाही बाटलीत असतं. कॅमोमाइलचा किंचित पिवळा रंग फिक्या केसाला चढतो. काळ्यावर चढला तरी दिसणार कुठे? काळ्या लुगड्यावर हळदीचं बोट पुसून पाहा.

आता आमच्या मंडळातल्या बायकांचे मुद्दे. त्यांच्याशी भांडले आहे, तेव्हा ते इथे मांडायलाच हवेत.

एक म्हणाली, "मला तर फरक दिसला." दिसला असेल. त्याचं कारण डिचोलीच्या मातीत आहे. आपला हा खाणींचा तालुका. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत ट्रकांच्या रांगांनी उडवलेली लाल धूळ आपण केसांत घेऊन फिरत होतो. वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळी गुलाबी व्हायचं. आमच्या विहिरीचं पाणी घागरीत ठेवलं की तळाला तांबडा साका बसायचा. असं लोहाचं पाणी वर्षानुवर्षं केसांवर ओतलं की केस राठ आणि मळकट होतात. कपड्यावर गंजाचा डाग पडला की आपण काय चोळतो? लिंबू आणि मीठ. मग लिंबाच्या जातीचं आम्ल किंवा लोह धरून काढणारं रसायन शॅम्पूत असेल तर तो थर निघेल आणि केस चमकतील. ते तुमचे स्वतःचे काळे केस चमकले, भगिनींनो. ते उजळले नाहीत, स्वच्छ झाले. वाटीभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून शेवटचं पाणी घ्या, खर्च पाच रुपये.

दुसरी म्हणाली, "पण नैसर्गिक आहे ना? लिंबू, फुलं, मध." मध! हिने अठ्ठावीस वर्षांत मधाचं बोट जिभेला लावलेलं नाही. आपल्या श्रावकाच्या आचारात मद्य, मांस यांच्या बरोबरीने मधाचा त्याग सांगितलेला आहे, आणि हिच्या घरी तर औषधाची गोळीसुद्धा मधात देत नाहीत. पण डोक्याला चोळायला चालतो, कारण बाटलीवर सोनेरी बाई आहे. मी तसं बोलून दाखवलं तर लगेच विकणारी म्हणाली, "आमची कंपनी अहिंसक आहे, प्राण्यांवर चाचणी करत नाही." अहो, आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांची चाचणी प्राण्यांवर करायला २०१४ पासून बंदीच आहे, आणि अशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायलाही त्याच वर्षी बंदी झाली. कायदा पाळला हे पुण्य म्हणून विकायचं असेल तर उद्या मीही लाल सिग्नलला थांबले म्हणून सत्कार मागते.

तिसरीचा मुद्दा मात्र मला लागला. ती म्हणाली, "तुम्ही स्वतः डाय लावता, आणि आम्हाला उपदेश?" बरोबर आहे. मी काही केश-वैराग्य शिकवायला बसलेली नाही. लहानपणी बेळगावला एका आर्यिका माताजींचा केशलोंच पाहिला होता. राखेत बोटं बुडवून त्या स्वतःच्या हाताने केस उपटत होत्या, सभा गप्प, पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या आणि माताजींच्या चेहऱ्यावर काही नाही. दोन ते चार महिन्यांतून एकदा हे करायचं, अठ्ठावीस मूलगुणांतला तो एक. मी तेव्हा घाबरून आईच्या मांडीत तोंड लपवलं होतं. आता वाटतं, त्या मंडपात आपल्या केसांची मालकीण असलेली बाई एकच होती. बाकी आम्ही सगळ्या कुणी ना कुणी सांगेल तसे ठेवत आलो. आपल्याकडे चंदनबालेची कथा आवडीने सांगतात. तिच्या लांब केसांचा मत्सर वाटून शेठाणीने तिचं मुंडण केलं. इतर समाजात विधवांचं केशवपन शास्त्राच्या नावाने चाले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनीच वस्तरा चालवायला नकार दिला. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांना ते सुचलं, घरातल्यांना नाही.

तर मी डाय लावते. हौस आहे म्हणा, भीती आहे म्हणा, दोन्ही आहे. पण डायच्या पाकिटावर 'काळा' लिहिलंय आणि केस काळे होतात. वर इशाराही असतो, आधी कानामागे लावून पाहा, अंगावर पुरळ उठलं तर वापरू नका. मी काय करते आहे ते मला माहीत आहे. केस रंगवू नका असं मी म्हणतच नाही. तुमचं डोकं, तुमचे पैसे. उद्या कुणी मुलीने निळे केले तरी मी पाहायला जाईन. राग आहे तो न होणारी गोष्ट विकण्यावर, आणि ती आमच्या स्वाध्यायाच्या सतरंजीवर बसून विकण्यावर. बाजारातल्या दुकानदाराशी आपण सावधपणे बोलतो. मंडळातल्या बाईशी तसं बोलत नाही. तिच्या मुलाच्या लग्नात आपण जेवलेलो असतो, तिच्या सासऱ्यांच्या वेळी आपण डबे पोचवलेले असतात. कंपनीला हेच हवं असतं. जाहिरातीला लाखो रुपये लागतात, आपली ओळख फुकट मिळते. विकणाऱ्या भगिनीलाही वरून महिन्याला इतक्या बाटल्यांचं लक्ष्य दिलेलं असतं, न खपलेल्या तिच्या कपाटात पडून असतात, हेही मी पाहिलं आहे. तिचाही तोटाच चाललाय. म्हणून तिचं नाव मी घेत नाही.

आणि तो शब्द, 'उजळ'. रंग उजळ, केस उजळ, भविष्य उजळ. आपल्या भाषेनेच या लोकांचं काम सोपं करून ठेवलंय. १९७५ पासून आपण चेहऱ्याला 'फेअर अँड लव्हली' चोळत होतो. २०२० साली तिचं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. 'फेअर' म्हणायची लाज वाटायला लागली, पण ट्यूब राहिलीच. आता चेहरा झाला, केसांकडे मोर्चा वळलाय. मोरजीच्या त्या बाईचं उदाहरण मी मुद्दाम दिलं, कारण आपल्याला वाटतं की गोऱ्या, सोनेरी बायका तरी सुटल्या असतील. तिच्या न्हाणीघरात सात बाटल्या होत्या. मी मोजल्या. तिलाही तिचे केस पुरेसे सोनेरी नाहीत असंच कुणीतरी तीस वर्षं सांगत आलंय.

पार्लरविषयीही एक बोलायचं राहिलं. तिथल्या मुलींवर मी आग पाखडणार नाही. डिचोली-पेडण्याच्याच मुली त्या, आठ-दहा हजारांवर उभ्या असतात. ब्लीचच्या पावडरीत परसल्फेट नावाचे क्षार असतात, रोज ते नाकात गेले की काहींना दमा जडतो. त्यांना हातमोजे, खिडकी, पंखा मिळतो की नाही हे कधी कुणी विचारलंय? आपण खुर्चीत बसून 'अजून थोडं उजळ कर गो' म्हणतो. डोकं भाजायला लागलं तर मात्र खुर्चीतून उठायचं, तिथल्या तिथे धुवायला लावायचं, भीड धरायची नाही. 'सहन करावं लागतं' हे वाक्य आपल्या मुलींना आपणच इतकं पाजलंय की टाळूवर फोड येईपर्यंत माझी भाची बसून राहिली.

मी मंडळाच्या बैठकीत ठराव मांडला की स्वाध्यायाच्या जागी कुठलीही विक्री करायची नाही, आणि दुसरीकडे कुणी काही विकलंच तर आधी स्वतः तीन महिने वापरून दाखवायचं. ठरावावर चर्चा झाली नाही, 'पुढच्या वेळी पाहू' झालं. विकणारी भगिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमच्या भाचीने नीट वापरला नसेल हो." मी पैसे परत मागितले. बाटली अर्धी वापरलेली आहे, त्यामुळे कंपनीच्या नियमात बसत नाही म्हणाली.

भाची गेल्या महिन्यात माहेरपणाला आली होती, तेव्हा डिचोलीला येऊन गेली. जळलेले केस तिने कापून टाकलेत, मानेपर्यंतच आहेत आता. मुळाशी दोन-अडीच इंच नवे आलेत, तेच जुने, पिंगट. अंगणात उभी होती तर कडा तांब्यासारख्या दिसत होत्या. नणंद सोबत होती. ती मला आत बोलावून हळूच म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे माका असेल ना परसात? थोडा द्या, तेल कढवते. काळे येतील हळूहळू."

मी म्हटलं, माका उपटून टाकला. खोटं बोलले, परसात माका भरपूर आहे.

उरलेल्या शॅम्पूने मी फण्या धुते. फण्या स्वच्छ निघतात.